थुंकणारा दारुडा

दगडू जोमा म्हात्रे हा सराईत दारुडा आहे, असं सरकारने १९५५ च्या डिसेंबरात लेखी मान्य केलं. कागदावर गोल शिक्का होता, नंबर होता, कुणाची तरी लफ्फेदार सही होती आणि कोपऱ्यात दगडूचा फोटो होता. फोटोत तो चिडलेला दिसतो. खरं म्हणजे फोटो काढला तेव्हा तो अजिबात चिडलेला नव्हता, त्याचा चेहराच तसा आहे. चिडला तो नंतर, आणि जो चिडला तो आजतागायत.

कारण दारूचा एक थेंबसुद्धा या माणसाच्या घशाखाली कधी उतरला नव्हता. तोंडात मात्र पुष्कळ गेला होता, आणि तोही असा की ज्याचं नाव मुंबईच्या बड्या हॉटेलातल्या बटलरलाही धड घेता येऊ नये. पण तोंड आणि घसा यांच्यामधलं चार बोटांचं अंतर सरकारच्या खिजगणतीत नाही. दगडूची सगळी अब्रू त्या चार बोटांत होती.

दगडू कोलशेतजवळच्या खाडीकाठचा. तिथे गावाच्या सामाईक आगरात मीठ पिकतं. थंडी पडली की उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत खेळवायचं, उन्हात आटवायचं, आणि ते पुरेसं दाट झालं की मीठ ओढायला घ्यायचं. पुरेसं म्हणजे किती, इथे सगळं अडतं. दोन-चार दिवस आधी ओढलं तर मीठ भुसभुशीत, हाताला येत नाही. उशीर झाला तर कडवट. हे सांगायला गावाकडे यंत्र नाही, एक जीभ आहे. पहिल्या ओढीच्या दिवशी सगळं गाव बांधावर उभं राहतं. एक माणूस कोंडीत उतरतो, ओंजळभर पाणी तोंडात घेतो, घोळवतो, थुंकतो आणि सांगतो. त्याने ‘घ्या’ म्हटलं की लाकडी फावडी आत. याला गावात ‘चव देणं’ म्हणतात. चव देणाऱ्याला अट एकच, तोंड स्वच्छ हवं. विडी नाही, तंबाखू नाही, ताडी नाही, काही नाही.

हा मान म्हात्र्यांच्या घरचा. दगडूच्या आज्याने तो तीस वर्षं चालवला. बाप जोमा याने सहा वर्षं चालवला आणि सातव्या वर्षी तो कोंडीत उतरला तो झुलतच. गावाने त्याला सगळ्यांदेखत दंडाला धरून वर काढला. पुढे दोन वर्षांत तो वारला. आईने तेव्हा दगडूला एवढंच सांगितलं की घशाखाली घालशील तर माझ्या मयताला येऊ नकोस. दगडूने ते ऐकलं, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी मान घरात परत आणला. त्याला आता वीस वर्षं झाली होती.

जिभेचा मान मिळालेल्या माणसाने ती जीभ जरा जपून चालवायला हवी. दगडूला ते कधी जमलं नाही. कुणाकडे जेवायला गेला की पहिल्या घासाला थांबायचा आणि सांगायचा, कोकमाचं आगळ गेल्या सालचं आहे. दुसरीकडे सांगायचा, चिंबोरी पुनवेची दिसते, आत काही नाही. बारशाच्या जेवणात त्याने भर पंगतीत भातातलं पाणी कुठल्या विहिरीचं ते सांगितलं आणि ते बरोबर निघालं, याचा तर आचाऱ्याला आणखीच राग आला. अशी पाच-पन्नास घरं त्याने दुखावून ठेवली होती. पुढे तो कागद आला तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला माणसं इतक्या चटकन तयार का झाली, ते यावरून समजावं.

बावन्न साली कोलशेतला रंगाचा एक कारखाना उभा राहिला आणि त्यावर लोरेटान नावाचा स्विस साहेब आला. खाडीच्या अंगाला त्याचा बंगला होता. दगडू तिथे आधी पाणी भरायला लागला. चौथ्या दिवशी त्याने साहेबाचा चहा मोरीत ओतून दिला. साहेब संतापला, तर दगडू म्हणाला की विहिरीला भरतीचं पाणी लागलंय. साहेबाने कारखान्यातल्या काचेच्या नळकांड्यांत ते पाणी तपासलं. निघालं तसंच. यंत्राला जे अर्ध्या दिवसाने कळलं ते या माणसाला वासावर कळतं, हे साहेबाने पाहिलं आणि महिन्याभरात दगडूच्या हाती स्वयंपाकघर दिलं. भांडी घासायला गावातली रखमाबाई होती. साठीची, खणखणीत आवाजाची, आणि दिवसभर कुणाला ना कुणाला शिव्या देणारी.

लोरेटान साहेबाचं एक दुखणं होतं. त्याचं गाव बर्फाच्या डोंगरांत, आणि त्या डोंगरांच्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पट्ट्यांवर त्याच्या भावाचे द्राक्षमळे. तिथली द्राक्षं जगात इतर कुठे होत नाहीत आणि जगाला ती ठाऊकही नाहीत. पीक थोडं, मेहनत फार, म्हणून तिकडचे शेतकरीही ती उपटून टाकू लागले होते. मुंबईचे त्याचे गोरे दोस्त तर फ्रान्सची दोन-चार बडी नावं सोडली तर बाकी सगळ्याला शिरका समजत. भाऊ जहाजाने पेट्या पाठवी आणि साहेब त्या बाटल्या एकटा बसून, कुढत प्यायचा.

हे दुखणं दगडूला लगेच समजलं. खाडीतला जिताडा म्हणजे मासा असावा तर असा. पण ठाण्यातली बाबू मंडळी पापलेटाच्या पलीकडे बघत नाहीत आणि चिखलातल्या निवटीचं नाव काढलं की नाक मुरडतात. नाव नसलेल्या चांगल्या वस्तूचा अपमान कसा असतो, ते त्याला कुणी शिकवायला नको होतं.

साहेबाने एकदा पेल्यात दोन बोटं ओतून त्याला चव बघायला सांगितली. दगडूने आईची अट सांगितली. साहेब म्हणाला, मग थुंक, आमच्याकडे जाणकार थुंकतातच. हे ऐकून दगडूला फार बरं वाटलं. सातासमुद्रापलीकडेही आगरासारखीच रीत आहे, म्हणजे माणसं शहाणी असणार.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला हा कार्यक्रम सुरू झाला. टेबलावर दोन-तीन बाटल्या, शेजारी डालड्याचा रिकामा डबा आणि एक कोरडी तांदळाची भाकरी. दगडू आधी पेला नुसता नाकाशी धरी. मग घोट घेऊन गालात फिरवी, ओठांच्या फटीतून वारा आत ओढी, आणि डब्यात टाकी. मध्ये भाकरीचा तुकडा, म्हणजे जीभ पुन्हा कोरी. तो डबा रखमाबाईला रिकामा करावा लागे आणि त्यापायी ती दोघांच्याही खानदानाचा उद्धार करी.

बाटल्यांवरची नावं दगडूला वाचता येत नव्हती. साहेब म्हणे ‘पेतित आर्विन’. दगडूने घोट थुंकला, डोळे मिटले आणि म्हणाला, आधी पपनस लागतं आणि मागून मीठ. साहेब खुर्चीतून उठलाच, कारण त्या द्राक्षाची खूण तीच, घोट संपल्यावर जिभेवर राहणारं मीठ. दगडूने तिचं नाव ठेवलं ‘खारी’. दुसरी ‘आमिन्य’. तिला संत्र्याच्या सालीचा वास आणि पोटात थोडी गोडी, म्हणून ती ‘सालवाली’. तिसरी तांबडी, ‘उमान्य रूज’. तिला पावसात भिजलेल्या झाडाच्या सालीचा आणि विझलेल्या चुलीचा वास होता. ती ‘धुरी’. साहेबही पुढे हीच नावं घेऊ लागला.

मग जेवणाशी जोड्या लावण्याचा उद्योग सुरू झाला. खारीला जिताडा, पण कालवणातला नव्हे. नुसतं मीठ-लसूण लावून केळीच्या पानात वाफवलेला. चिंचेच्या कालवणापुढे ती खारी अगदी पाणचट होऊन बसे. चिंबोरीचं झणझणीत कालवण असेल तर सालवाली, कारण तिच्या गोडीने तिखट शांत होतं आणि तिखटाने तिची गोडी लाजते. धुरीने मात्र दगडूला फार छळलं. कुठल्याही माशाबरोबर ती लोखंडी खिळा चोखल्यासारखी लागे. सुक्या बोंबलाबरोबर तर त्याने ती अशी थुंकली की डबा चुकला. शेवटी थंडीत त्याने मडक्यात वालाच्या शेंगा आणि कोंबडी भरून, भांबुर्ड्याचा पाला कोंबून, मडकं पेंढ्याच्या जाळात उलटं ठेवून पोपटी लावली. तिच्या धुराबरोबर धुरी तोंडात घेतली आणि बराच वेळ तो थुंकायचंच विसरला. मग दचकून थुंकला. त्या दिवशी बायकोला, शेवंतीला, त्याने घरी येऊन सांगितलं की आज आईची शपथ थोडक्यात वाचली.

साहेबाने हे सगळं वहीत लिहून ठेवलं आणि बेत केला. येत्या जानेवारीत मुंबईच्या त्या नाकं मुरडणाऱ्या दोस्तांना बंगल्यावर बोलवायचं आणि खाडीच्या जेवणाबरोबर डोंगरातली द्राक्षं वाढायची.

इथवर सगळं छान होतं. मग एका संध्याकाळी दारूबंदीचा एक अधिकारी साहेबाचा परवाना तपासायला आला. परदेशी माणूस म्हणून साहेबाला परवाना होताच. पण अधिकारी दारात उभा राहिला नेमका तेव्हा, जेव्हा दगडूच्या दोन्ही गालांत सालवाली भरलेली होती. अधिकाऱ्याने त्याला नाव विचारलं. गिळावं तर आई आड येते, थुंकावं तर पुरावा समोर पडतो. दगडू घुम्यासारखा उभा राहिला. अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. दगडूने शेवटी डब्यात थुंकलं, तोंड पुसलं आणि नाव सांगितलं. अधिकाऱ्याने डब्यात डोकावून पाहिलं. माणूस सज्जन होता. साहेबाला म्हणाला, तुमचा परवाना तुमच्या तोंडापुरता आहे, या माणसाच्या तोंडाला वेगळा लागेल, नाहीतर मला पुढच्या खेपेला त्याला न्यावं लागेल.

साहेबाने काम कारखान्याच्या हेडक्लार्कवर सोपवलं. बाळ गुप्ते म्हणजे ठाण्याचा जुना रहिवासी, इंग्रजी उत्तम, आणि कुणाचंही काम अडू न देणारा. अशा माणसांपासून फार जपून राहावं. त्याने फॉर्म आणला, दोन पानं सुबक अक्षरात भरली आणि दगडूची सही घेतली. काय लिहिलंय म्हणून दगडूने विचारलं, तर म्हणाला, अरे परवान्याचं आहे, तू कशाला डोकं शिणवतोस. मग ठाण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी साहेबाची चिठ्ठी वाचली, आणि मान वर न करता जीभ दाखवायला सांगितलं. दगडूने आयुष्यात इतक्या अभिमानाने जीभ कुणाला दाखवली नव्हती. डॉक्टरांनी ती न बघताच सही केली.

कार्ड आलं रजिस्टर पोस्टाने, घरच्या पत्त्यावर. दगडू बंगल्यावर होता. पोस्टमनने लखोटा शेवंतीला दिला, शेवंतीने तो शाळेच्या मास्तरांकडे नेला, आणि मास्तर त्या वेळी देवळाच्या पारावर दहा माणसांत बसले होते. मास्तरांनी वाचायच्या आधी समजून घ्यायला हवं होतं. पण त्यांची पद्धत अशी की आधी मोठ्याने वाचायचं आणि मग समजून घ्यायचं. त्यांनी वाचलं, मराठीतही करून सांगितलं: दगडू जोमा म्हात्रे, धंदा स्वयंपाकी, दारूच्या व्यसनाला वीस वर्षं, न मिळाल्यास हात कापतात, सबब ठरावीक प्रमाणात पिण्यास परवानगी.

पारावर पोपट पाटील होता. हा गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष. खाडीतल्या तिवरांच्या आड त्याची भट्टी आहे, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ते कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे त्याचं तोंड स्वच्छ. त्याने कार्ड हातात घेऊन शिक्का उन्हात धरून पाहिला आणि म्हणाला, वीस साल. म्हंजे चव द्यायला लागला त्याच सालापासनं. बरोबर बापावर जेला.

त्या दिवशी दगडू घरी आला तर शेवंतीने ताट वाढलं आणि समोर कार्ड ठेवलं. ती रडत नव्हती, हे त्याला जास्त लागलं. तिने एवढंच विचारलं, “ही सही तुमचीच ना?”

सही त्याचीच होती.

गावाने ठरवायला वेळ लावला नाही. यंदा चव पोपट देईल. वीस वर्षं ज्याचं तोंड रोज समोर पाहिलं त्या माणसापेक्षा ज्याला कधी पाहिलं नाही असा एक शिक्का त्यांना खरा वाटला. ज्यांच्या आगळाला दगडूने नावं ठेवली होती ती माणसं सगळ्यांत पुढे होती.

दगडू दुसऱ्या दिवशी गुप्त्याच्या टेबलासमोर उभा राहिला आणि त्याने कार्ड आपटलं. गुप्ते गोंधळून गेला. त्याच्या मते त्याने उपकार केले होते.

“अरे दगडू, इथल्या माणसाला परवाना मिळतो तो आजारी असला तर, नाहीतर व्यसनी असला तर. तिसरा रकानाच नाही. तू आजारी दिसतोस का? बैलासारखा आहेस. मग मी काय लिहू?”

“चव बघून थुकतंय, असं लिवायचं.”

“त्याला रकाना नाही.”

“मंग हात कापतात, हे कुनी सांगितलं?”

“ते मी जरा वजन पडावं म्हणून घातलं,” गुप्ते म्हणाला, आणि क्षणभर त्याला स्वतःच्या इंग्रजीचा अभिमानही वाटला असावा.

रद्द करायचं म्हटलं तर त्यालाही फॉर्म होता. गुप्त्याने तो काढून वाचून दाखवला. मी अमुक, इतकी वर्षं व्यसनी होतो, आता औषधोपचाराने सुधारलो आहे, सबब परवाना परत करतो. म्हणजे दारुडा नाही हे सिद्ध करायला आधी दारुडा होतो असं लिहून द्यायचं. दगडूने तो फॉर्म दोन बोटांच्या चिमटीत धरला, सडलेला मासा धरतात तसा, आणि गुप्त्याच्या टेबलावर परत ठेवला. “मी बिघडलूच नाय,” तो म्हणाला, “सुदरू कसा?”

साहेबाची वेगळीच तऱ्हा. त्याला वाटलं, आता कार्ड आहे म्हणजे अडचण संपली. पंधरा दिवसांवर आलेल्या मेजवानीची तालीम करू या म्हणून त्याने पाच वाजता बाटल्या मांडल्या. वर गमतीने असंही म्हणाला की आता गिळलंस तरी चालेल. दगडूने डालड्याचा डबा उचलला, उपडा करून ओट्याखाली ठेवला आणि म्हणाला की या तोंडावर शिक्का बसलाय, आता यात काही जाणार नाही. परवाना नव्हता तेव्हा घेत होता, परवाना आला तेव्हा सोडली. साहेबाने कपाळाला हात लावला. त्याच्या डोंगरात असा माणूस त्याने पाहिला नव्हता.

मेजवानी मात्र दगडूने सोडली नाही. ज्या द्राक्षांना कुणी विचारत नाही त्यांची बाजू अर्ध्यावर टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने सगळं नुसत्या नाकावर केलं. पेल्याला वास देऊन सांगे, ही अजून थंड पाहिजे, बर्फात ठेवा. ही उघडून तासभर राहू द्या, अजून चिडलेली आहे. पाहुणे चौघं आले. एकाच्या भुवया आल्यापासून वरच होत्या. त्याने खारीचा घोट घेतला, वाफवलेला जिताडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला, आणि मग त्या भुवया खाली आल्या त्या जेवण संपेपर्यंत वर गेल्या नाहीत. पोपटीचं मडकं फोडलं तेव्हा त्याने धुरीची बाटली स्वतःपुढेच ओढून घेतली. साहेबाने दगडूला बाहेर बोलावलं आणि पाहुण्यांना सांगितलं की या जोड्या या माणसाने लावल्या आहेत. चौघांनी टाळ्या वाजवल्या. दगडूला त्या टाळ्या ऐकू आल्या, पण त्याच्या डोक्यात आगराचा बांध होता. इथे चार परके लोक त्याच्या तोंडाला मान देत होते आणि आठ दिवसांनी त्याचं गाव त्याच तोंडाला बांधावर मागच्या रांगेत उभं करणार होतं.

तो दिवस आला. ऊन चढलं होतं, कोंड्यांतलं पाणी जड होऊन तांबूस झालं होतं. सगळं गाव फावडी घेऊन बांधावर. पोपट नवं धोतर नेसून आला, देवाला नारळ फुटला, आणि तो पायातल्या वहाणा काढून कोंडीकडे निघाला. दगडू बांधाच्या टोकाला उभा होता. शेवंतीने येऊ नका म्हटलं होतं, तरी आला होता. खाडीवरून वारा सुटला आणि पोपटावरून दगडूकडे आला.

दगडूचं नाक चाळीस हातांवरून वर झालं.

“थांब, पोपट. तोंड स्वच्छ हाय काय?”

पोपट वळला आणि हसला. हे कोण विचारतंय, म्हणाला, शिक्केवाला? बांधावर हशा पिकला.

दगडू हशा ओसरेपर्यंत थांबला. मग डोळे मिटून, बंगल्यात पाच वाजता बोलायचा त्याच संथ आवाजात सांगू लागला. “काला गूल. नवसागर, गरजेपरीस जास्त. घडाची केली टाकलीस ती सडकी. डबा रॉकेलचा व्हता, धुतलास, पन कोपऱ्यात ऱ्हायला. काल चारच्या सुमाराला घेतलीस, आनि संगं सुका बोंबील.” इथे त्याने डोळे उघडले, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी शिसारी आली. “बोंबलासंगं कोन घेतो रं?”

बांधावर दोघा-तिघांनी मान खाली घातली. कारण त्या डब्यातलं त्यांनीही घेतलं होतं, आणि बोंबील त्यांच्याच घरचे होते.

पण पोपट समितीचा अध्यक्ष उगाच नव्हता. त्याने पाण्यात पाय टाकता टाकता म्हटलं, “न पिता एवढं कलतं काय, दगडू?”

इथेच दगडू अडकला. जितकं बरोबर सांगावं तितका तो दारुडा ठरत होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जिभेचा राग आला. लोकांनी पुन्हा माना वर केल्या, कुणीतरी म्हणालं, बरोबर हाय पोपटचं, आणि फावडी हलली.

“गप ऱ्हावा सगले.”

हा आवाज रखमाबाईचा. ती बायकांमधून वाट काढत बांधावर आली, पदर खोचलेला, हातांना अजून बंगल्यातल्या भांड्यांची राख. “महिनाभर ऐकतंय. पारावर बसून तुमी सगल्यांनी ठरवलाव, मना कोनी इचारलं नाय. बाईला काय इचारायचं. तीन पिदाडांची कापडं धुतल्यात मी. नवरा, दीर, आनि हा पोपट, माजा भाचा, आईविना वाढवला म्हनून. तिघांतल्या एकानं आख्ख्या जन्मात कवा थेंब थुकला नाय. सांडला तर जमीन चाटतील.” तिने दगडूकडे बोट केलं, आणि तेही मायेने नव्हे. “हा मेला तीन वर्सं थुकतंय. साहेब याच्या पेल्यात वततो तेवढी डब्यात येते. तो डबा रोज मी वततंय, माज्या या हातांनी. मना त्याची किलस येते. पिदाड असता तर माजा तेवढा तरास वाचला असता.”

तिने राखेचे हात पोपटाच्या नव्या धोतराला पुसले आणि त्याला म्हणाली, “निघ भायेर.”

पोपट निघाला. तिच्या हातचं खाल्लेलं होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भट्टीची जागा तिला बांधावरूनच, सगळ्यांदेखत, बोटाने दाखवता आली असती.

कुणी दगडूची माफी मागितली नाही. कुणी त्याला ये असंही म्हटलं नाही. फक्त वाट मोकळी झाली. दगडू धोतर खोचून कोंडीत उतरला, वाकला, ओंजळ भरली. पाणी तोंडात घेतलं, या गालातून त्या गालात नेलं, ओठांच्या फटीतून वारा आत ओढला. ही ओढायची लकब आगरातली नव्हती, त्या डोंगरातली होती. शेवंतीने ती पहिल्यांदाच पाहिली. मग तो थुंकला, सगळ्या गावाला दिसेल असा, लांब.

“नाय,” तो म्हणाला. “पानी अजून पिकलं नाय. चार दिस.”

सत्तर-ऐंशी माणसं फावडी खांद्यावर टाकून, आल्या वाटेने घरी गेली. पाचव्या दिवशी मीठ ओढलं ते खड्यासारखं निघालं.

लोरेटान साहेबाच्या पेट्या अजून येतात, डालड्याचा डबा पुन्हा टेबलावर आला आहे आणि रखमाबाईच्या शिव्याही. पण कार्डाचा निकाल लागलेला नाही. दर डिसेंबरात नूतनीकरणाची सूचना येते, की दारुडेपणा चालू आहे का. बाळ गुप्ते तो दुसरा, सुधारल्याचा फॉर्म घेऊन बंगल्याच्या मागल्या दाराशी येतो. म्हणतो, अरे बाबा, एक सही कर आणि मोकळा हो, जग काही वाचायला येत नाही. दगडू जिताड्याचे खवले काढत असतो. तो हात धुतो, पुसतो, फॉर्म घेतो, वरपासून खालपर्यंत बघतो, जणू या वर्षी तरी मजकूर बदलला असेल, आणि परत देतो.

सरकारच्या दप्तरी तो अजून दारुडाच आहे.